दंडात तिसरं हेड सापडलं, आता पुढं काय? माणूस, बैल आणि शेळी यांच्या तुलनेसह सविस्तर उत्तर

प्रश्न नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडतो. लातूरकडच्या एक विद्यार्थिनी अ‍ॅनाटॉमीत एमडी करतायत. एका मृतदेहाचा उजवा दंड उघडताना त्यांना बायसेप्सची (दंडाच्या पुढच्या स्नायूची) दोनऐवजी तीन हेड, म्हणजे हाडाकडून निघणारी टोकं, दिसली. डाव्या दंडात दोनच. गाईड सर म्हणाले, 'अ‍ॅनॉमली आहे, केस रिपोर्ट लिहून टाका.' त्यांचा चुलतभाऊ परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. तो म्हणाला, 'आमच्याकडं बैलाला आणि शेळीला एकच हेड असतं.' आता त्या विचारतायत की यावर प्रबंध उभा राहील का, त्यासाठी किती मृतदेह लागतील, आणि माणसाची व जनावरांची तुलना करून 'उत्क्रांतीतल्या जुन्या रचनेकडं परत जाणं' असा निष्कर्ष काढता येईल का.

माझी नोकरी मराठवाड्यातच, डिसेक्शन हॉलमध्ये पोरांना दंड-मांड्या शिकवण्यात गेली. पशुवैद्यकातल्या मित्रांमुळं परभणी-उदगीरच्या टेबलांवरही बरंच उभा राहिलो. त्या जोरावर सांगतो. तुम्ही संख्या विचारताय, पण तुमचं अडलंय त्याच्या आधीच्या पायरीवर. तुमच्या हाताला काहीतरी लागलंय आणि ते नेमकं काय आहे हे अजून ठरलेलं नाही. ते ठरेपर्यंत किती मृतदेह, कोणतं जनावर, कोणती उत्क्रांती, हे सगळं हवेत. शिवाय ते ठरवायचा पुरावा रोज कमी होतोय, कारण उद्या त्याच टेबलाभोवती एमबीबीएसची बॅच बसणार आणि 'साफ करा' म्हटलं की पोरं चरबीबरोबर नर्व्हही (मज्जातंतूही) साफ करतात.

आधी 'अ‍ॅनॉमली'चं बघू. बायसेप्सचं तिसरं हेड पाठ्यपुस्तकांत साधारण १० टक्के दंडांत दिलेलं असतं. वेगवेगळ्या लोकसमूहांच्या अभ्यासात तो आकडा बराच कमी-जास्त होतो, पण शंभरात काही जणांना ते असतंच. बाकीच्या गोष्टी बघा. मूत्रपिंडाला एकापेक्षा जास्त धमन्या असणं साधारण दर तीन-चार माणसांत एकाला दिसतं. सोआस मायनर हा कमरेतला लहान स्नायू जवळजवळ निम्म्या लोकांत नसतोच. पुस्तकातली आकृती म्हणजे सगळ्यात जास्त वेळा आढळणारी मांडणी, एवढाच तिचा अर्थ. डोक्यापासून पायापर्यंत सगळं पुस्तकाबरहुकूम असलेला मृतदेह माझ्या टेबलावर कधी आला नाही.

हे तुम्ही बसल्या जागी बघू शकता. तळहात आपल्याकडं करा, अंगठ्याचं टोक करंगळीला लावा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध कातडीखाली एक दोरी ताणून वर येते. तो पामॅरिस लाँगस या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाकडं बांधणारी दोरी. काहींना ती दोरी एका हाताला येते, काहींना दोन्ही हातांना येत नाही. ज्यांना नाही त्यांची पकड त्यामुळं कमी पडते असं कोणाला जाणवतही नाही. म्हणूनच सर्जन लोक हा टेंडन काढून दुसरीकडं ग्राफ्ट म्हणून बिनधास्त वापरतात. ज्यानं कामात फरक पडत नाही आणि जे लोकांत बऱ्यापैकी पसरलेलं आहे, त्याला आम्ही व्हेरिएशन म्हणतो. घोड्याच्या नालेसारखी जोडलेली मूत्रपिंडं साधारण ४०० ते ५०० माणसांत एकाला असतात. ती पुष्कळदा मुकाट राहतात, पण मुतखड्याचा आणि लघवी तुंबण्याचा धोका वाढवतात. ती अ‍ॅनॉमलीच्या बाजूला. आणि पेपरात फोटो येतो, लोक हळद-कुंकू वाहायला जातात, ते दोन तोंडांचं वासरू म्हणजे गर्भ घडतानाच झालेली मोठी विकृती. या तिन्हीत रेघ मारलेली नाही, एकातून दुसरं सरकत जातं. पण तुमचं तिसरं हेड पहिल्या गटातलं आहे, आणि सरांना ते नम्रपणे सांगता येईल. अगदीच वाद झाला तर 'व्हेरिएशन' लिहा, मौखिक परीक्षेला कोणी अडवणार नाही.

आता उद्या सकाळी काय करायचं ते. हा भाग नीट वाचा, कारण बाकी सगळं नंतरही करता येईल.

हात वर उचलून तळवा वर राहील असा बाहेर ठेवा. थेट स्नायूकडं जाऊ नका. आधी काखेत ब्रॅकियल प्लेक्ससची (हाताला जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याची) बाहेरची दोरी, लॅटरल कॉर्ड, गाठा आणि तिच्यातून निघालेली मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह धरा. ती कोराकोब्रॅकियालिस या दंडाच्या वरच्या भागातल्या लहान स्नायूत शिरते, बाहेर पडते आणि बायसेप्स व त्याच्याखालचा ब्रॅकियालिस यांच्या मधून खाली जाते. या वाटेवर तिच्यातून बारीक फांद्या निघतात. त्यातली एक तुमच्या जास्तीच्या हेडमध्ये जाते का, एवढा एकच प्रश्न मनात ठेवून फोरसेप्सची टोकं नर्व्हच्या दिशेनं, तिच्या बाजूबाजूनं उघडत जा. स्कॅल्पलचा दांडा घेऊन आडवं खरवडायचं नाही. ही फांदी शिवायच्या दोऱ्याएवढी असते आणि फॉर्मॅलिनमध्ये पडून पिवळट झालेली असल्यानं फॅशियाच्या (स्नायूंवरच्या पातळ आवरणाच्या) धाग्यासारखीच दिसते. ओढून बघायचा मोह टाळा. मुळाकडून चालत या, म्हणजे नर्व्ह कोणती आणि फॅशिया कोणता हे आपोआप कळतं.

मग बायसेप्सच्या पोटाखालून बोट सरकवून तो हलकेच वर घ्या. जास्तीचं हेड ह्यूमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) कोणत्या भागावरून निघतंय? बहुतेक वेळा ते आतल्या बाजूनं, कोराकोब्रॅकियालिस जिथं हाडाला चिकटतो त्याच्या आसपास उगम पावतं आणि ब्रॅकियालिसशी संलग्न असतं. तिथं ते मांसल आहे की टेंडनसारखं पांढरं, याची नोंद करा. आता मोजमाप. कोराकॉइड प्रोसेसच्या (खवाट्यावरच्या हुकाच्या) टोकापासून उगमापर्यंतचं अंतर व्हर्नियर कॅलिपरनं किंवा लांब असेल तर टेपनं घ्या, आणि त्याबरोबर ह्यूमरसची लांबीही घ्या. नुसतं '१४ सेंटिमीटर' म्हटलं तर उंच माणसाचा दंड आणि बुटक्या माणसाचा दंड यांची तुलना होत नाही, लांबीच्या प्रमाणात सांगितलं तर होते.

शेवटी ओढून बघायची परीक्षा. फोरसेप्सनं फक्त जास्तीचं हेड धरून खांद्याच्या दिशेनं हलकं ओढा आणि कोपरात काय हलतं ते दुसऱ्या माणसाला बघायला सांगा. रेडियसच्या (अंगठ्याकडच्या हाडाच्या) गाठीला जाणारा टेंडन हलला, किंवा बायसेप्सचा अपोन्यूरोसिस (टेंडनची चपटी पट्टी) ताणला गेला, तर ते बायसेप्सचं हेड. अल्नाकडं (करंगळीकडच्या हाडाकडं) जाणारं ओढलं गेलं तर ती ब्रॅकियालिसची फुटलेली पट्टी असू शकते. दंडातच कुठंतरी ह्यूमरसला चिकटून ते संपत असेल तर कोराकोब्रॅकियालिसचा जास्तीचा भाग आहे का, ते बघावं लागेल. 'तिसरं हेड' म्हणून छापल्या जाणाऱ्या वर्णनांत खालचं टोक आणि नर्व्ह दाखवलेलीच नाही असं मी फार वेळा वाचलंय. वरचं टोक दिसायला सोपं असतं म्हणून लोक तिथंच थांबतात. वरून दिसणाऱ्या उगमापेक्षा स्नायू कुठं ओढतो आणि त्याला कोणती नर्व्ह येते, यावर त्याची ओळख जास्त ठरते.

हे सगळं दाखवणारी चित्रं वहीत काढा. फोटो काढलात तर शेजारी पट्टी ठेवून, स्नायू जागेवरून हलवायच्या आधी एक आणि हलवल्यावर एक. ब्रॅकियल आर्टरी (दंडातली मुख्य धमनी) आणि तिच्याबरोबर जाणारी मीडियन नर्व्ह त्या हेडच्या पुढून जातात की मागून, हे फोटोत दिसलं पाहिजे. कारण या हेडचं डॉक्टरी महत्त्व असलंच तर तिथंच आहे. नर्व्ह किंवा धमनी त्याच्याखाली दबू शकते का, आणि एमआरआय किंवा सोनोग्राफीत कोणी त्याला गाठ समजेल का, हे दोन प्रश्न. पेशंटला स्वतःला याचा बहुधा पत्ताही नसतो. डिस्कशनमध्ये पानभर 'क्लिनिकल सिग्निफिकन्स' लिहायची पद्धत आहे. माझ्या मते चार ओळी पुरतात.

आता संख्या. तुमच्या विभागात वर्षाला किती मृतदेह येतात, त्यातले किती दंड तुमच्या हाती कोरे येतात, तुम्हाला किती वर्षं आहेत, यावर सगळं अवलंबून. मी आकडा ठोकून देणार नाही, पण हिशोब दाखवतो. समजा १० मृतदेहांचे २० दंड पाहिले आणि २ मध्ये तिसरं हेड मिळालं. तुम्ही लिहाल '१० टक्के'. पण २० तल्या २ वरून खरं प्रमाण साधारण १ ते ३२ टक्क्यांच्या मध्ये कुठंही असू शकतं, एवढंच ९५ टक्के खात्रीनं म्हणता येतं. १०० दंडांत १० मिळाले तर ही कमान साधारण ५ ते १८ टक्क्यांवर येते. आणि २० मध्ये एकही मिळालं नाही तर? '० टक्के' लिहायचं नाही. ३ ला नमुन्याच्या संख्येनं भागा. ३ भागिले २०, म्हणजे प्रमाण १५ टक्क्यांपर्यंतही असू शकतं. या हिशोबातही एक गोम आहे. एकाच माणसाचे दोन दंड हे दोन स्वतंत्र नमुने नव्हेत, त्यामुळं दंडांचा आकडा आणि माणसांचा आकडा दोन्ही वेगळे द्या. किती जणांना एका बाजूला, किती जणांना दोन्ही बाजूंना, हेही द्या. तुमच्या या मृतदेहात ते एकाच बाजूला आहे, ही स्वतःच कामाची नोंद आहे.

आणखी एक गोष्ट, जी परीक्षक क्वचित विचारतात पण विचारायला हवी. ज्या दंडामुळं तुम्हाला हा विषय सुचला, तो प्रमाण काढताना मोजायचा नाही. तो सापडला म्हणूनच अभ्यास सुरू झाला, तेव्हा तो यादीत आला की प्रमाण आपोआप फुगतं. त्याचं वर्णन वेगळं द्या आणि मोजणी पुढच्या दंडापासून सुरू करा. तसंच मोजणी सुरू झाल्यावर 'नॉर्मल' निघालेला प्रत्येक दंडही तेवढ्याच काळजीनं वहीत गेला पाहिजे. नुसती सापडलेली उदाहरणं गोळा करून प्रमाण निघत नसतं. केस रिपोर्टांचं पीक एवढं आलंय, त्यात याची सगळ्यात मोठी उणीव आहे.

नमुना कोणाचा, हेही बघा. आपल्याकडं मृतदेह येतात ते एक तर देहदानातून, नाहीतर १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी कायद्याखाली बेवारस म्हणून. दोन्ही गटांत वयस्कर माणसं जास्त, आणि बेवारसांत तर पुरुषच जास्त. तेव्हा 'मराठवाड्यातील लोकांमध्ये' असं शीर्षक देऊ नका. बेवारस मृतदेह कोणत्या भागातल्या माणसाचा, हे आपल्याला सांगता येत नाही. 'अमुक विभागात अमुक काळात आलेले मृतदेह' एवढंच खरं. जिवंत माणसांत मोठा नमुना हवा असेल तर मघाशी सांगितलेल्या पामॅरिस लाँगसचा अभ्यास करा. लेखी संमती घेऊन एका कॉलेजातून काहीशे हात बघून होतात आणि सुरीही लागत नाही.

इथवर जुळवून घ्या: आधी ओळख पटवायची, मग नोंदींची एकसारखी पद्धत ठरवायची, मग मोजायचं. आता तुमच्या भावाकडं वळू.

भाऊ बरोबर सांगतोय. गाय-बैल, म्हैस, शेळी, घोडा, कुत्रा, या सगळ्यांत बायसेप्स एकाच ठिकाणाहून निघतो, खांद्याच्या खोबणीच्या वर असलेल्या गाठीवरून. माणसाच्या बायसेप्सची दोन हेड म्हणजे लाँग आणि शॉर्ट; त्यातल्या लाँग हेडची जागा तीच. कोराकॉइडवरून येणारं शॉर्ट हेड त्यांच्यात नाही. घोड्याच्या बायसेप्समध्ये तर वरपासून खालपर्यंत टेंडनचा जाड गाभा असतो आणि उभ्या-उभ्या स्नायू न दमवता पाय सरळ ठेवायला त्याचा उपयोग होतो. घोडा उभ्यानं डुलक्या घेतो त्यामागं जी सगळी व्यवस्था आहे, त्यातला हा एक दुवा.

शेळीचा पुढचा पाय भावाबरोबर एकदा नक्की उघडा. खाटकाला विचारा, पुढचा पाय धडापासून सोडवताना तो हाड तोडत नाही. सुरी फक्त मांसातून फिरते आणि खवाट्यासकट पाय हातात येतो. कारण शेळीला आणि बैलाला कॉलरबोन नाही. पुढच्या पायाचा धडाशी हाडांचा सांधाच नाही, दोन पायांच्या मध्ये छाती स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. खवाट्यावर कोराकॉइड बघायला जाल तर मोठ्या हुकाऐवजी छोटासा उंचवटा मिळेल. आपला हात बाजूला उघडतो, वर जातो, पालथा-उताणा होतो. बैलाचा पाय पुढं-मागं चालतो आणि वजन पेलतो. बायसेप्सच्या रचनेतला फरक या सगळ्या मांडणीच्या संदर्भात बघायचा असतो. नुसतं 'माणसाला २, बैलाला १' असं कोष्टक करून काही हाती लागत नाही. आणि शेतकरी पुढच्या पायाचा 'गुडघा' म्हणतो ते जनावराचं मनगट असतं, हे तुमच्या कोष्टकात पहिल्या दिवशीच नीट बसवा. नाहीतर तुलना एका सांध्यानं खाली सरकते.

मग तिसरं हेड 'जुन्या रचनेकडं परत जाणं' आहे का? या जनावरांकडं बघून तरी तसं म्हणता येत नाही. बैल आणि शेळी आपले पूर्वज नाहीत. त्यांच्या फांदीलाही आपल्याइतकीच वर्षं झालीत आणि त्या काळात ती आपल्या वाटेनं बदलली. शिवाय त्यांच्याकडं एक हेड आहे, तुमच्याकडं तीन सापडली. माणसात एकच हेड सापडलं असतं तर निदान 'परत जाण्या'ची दिशा तरी जुळली असती. 

याच जातीचा एक जास्त फसवा नमुना देतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. बैलाचं मूत्रपिंड बाहेरून गोट्यांचा पुंजका दिसतं, वेगवेगळ्या खंडांचं. म्हशीचंही तसंच. माणसाच्या गर्भातलं आणि नवजात बाळाचं मूत्रपिंडही खंडांचं असतं. लहानपणी त्या खाचा बुजतात, पण काही मोठ्या माणसांत त्या राहतात आणि सोनोग्राफीत दिसतात. पाहणाऱ्याला वाटावं, हे बैलाच्या वळणावर गेलं. आता भावाला शेळीचं मूत्रपिंड आणायला सांगा. ते बाहेरून गुळगुळीत, घेवड्याच्या दाण्यासारखं. शेळी आणि बैल एकाच कुळातले प्राणी, तरी एकाचं खंडांचं आणि एकाचं गुळगुळीत. बाहेरच्या आकारावरून नातं लावायचं म्हटलं तर शेळी माणसाची सख्खी आणि बैलाची सावत्र ठरेल. माणसातल्या त्या खाचांचं सरळ स्पष्टीकरण गर्भवाढीत आहे: खंड एकमेकांत पूर्ण मिसळले नाहीत, इतकंच.

तिसऱ्या हेडचं तेच. हाताची कळी गर्भात वाढते तेव्हा दंडाच्या पुढच्या बाजूचे स्नायू एकाच समाईक गोळ्यातून वेगळे होत जातात. बायसेप्स, ब्रॅकियालिस आणि कोराकोब्रॅकियालिस तिथूनच फुटतात, म्हणून तिघांनाही मस्क्युलोक्युटेनियस नर्व्हच येते. फुटताना एक पट्टी ब्रॅकियालिसकडं राहायची ती बायसेप्सकडं गेली तर तुम्हाला जे दिसतंय ते दिसेल. तुमच्या हेडचा उगम ब्रॅकियालिसला लागून असेल आणि नर्व्हची फांदीही त्याच वाटेवरून येत असेल, तर हे स्पष्टीकरण तुमच्या टेबलावरच्या पुराव्यावर उभं राहतं. उत्क्रांतीबद्दल बोलायचं असेल तर तुलना वानरांशी आणि माकडांशी करावी लागते, आणि तीही एका प्राण्याशी करून भागत नाही, अनेक जातींशी. ते साहित्य आपल्याकडं मिळणं अवघड. म्हणून प्रबंधात तो दावा करू नका.

जनावरावरून माणसाबद्दल बोलल्यानं काय होतं, याचा इतिहासातला मोठा धडा गॅलनचा आहे. दुसऱ्या शतकातला हा वैद्य माकडं, डुकरं, बैल उघडायचा. जनावरांच्या मेंदूच्या तळाशी त्याला बारीक धमन्यांचं दाट जाळं दिसलं आणि ते माणसातही आहे असं त्यानं धरलं. हजाराहून जास्त वर्षं ते शिकवलं गेलं. सोळाव्या शतकात इटलीतल्या बेरेंगारिओनं शंका घेतली आणि १५४३ मध्ये व्हेसॅलियसनं छापलं की माणसात असं जाळं नाही. पण गॅलनला जे दिसलं ते खोटं नव्हतं. शेळीत ते जाळं आहे, तुम्ही आजही काढून बघू शकता. मेंदूकडं जाणारं गरम रक्त त्या जाळ्यातून जाताना नाकाकडून आलेल्या, श्वासानं थंड झालेल्या शिरांच्या रक्ताच्या अगदी जवळून जातं आणि थोडं गार होतं. मे महिन्यात आपण पंख्याखालीही तळमळतो तेव्हा उस्मानाबादी शेळी माळावर चरत असते, तिच्या सोयींपैकी ही एक. रचना खरी होती, मालक चुकला होता. तुमच्या भावाचं निरीक्षणही तसंच खरं आहे. ते कोणत्या वाक्यात वापरायचं, तेवढं सांभाळा.

तरीही तुलना कराच असं मी म्हणेन, कारण आपल्या भागात त्यासाठी साहित्य आहे आणि माणसं आहेत. परभणी आणि उदगीर दोन्हीकडं पशुवैद्यकीय महाविद्यालयं. देवणी आणि लाल कंधारी गाई-बैल, मराठवाडी म्हैस, उस्मानाबादी शेळी हे आपल्याच मातीतले वाण. यांच्यात जातीच्या आत किती फरक असतो, हा प्रश्न माझ्या मते तुमच्या तिसऱ्या हेडपेक्षा मोठा आहे. आपण जनावराचं वर्णन 'शेळीला १३ बरगड्यांच्या जोड्या' असं एका वाक्यात संपवतो आणि माणसात मात्र शेकडो हातांचे फरक मोजतो. शेळीतले फरक मोजायला कोणी बसलं तर भावाचा प्रबंध त्यातच होईल.

साहित्याच्या अडचणी वेगळ्या. २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळं गाई-बैलांचे नमुने फक्त नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरांच्या शवविच्छेदनातून मिळतील आणि ते थोडेच असतील. शेळ्यांचे पाय मान्यताप्राप्त कत्तलखान्यातून लेखी परवानगी घेऊन मिळू शकतात. पण तिथं येतात बहुतेक तरुण बोकड, तर तुमच्या हॉलमध्ये म्हातारी माणसं. म्हातारपणात स्नायू सुकतात, पातळ पट्टी दिसेनाशी होऊ शकते. म्हणून जाडी-लांबीची तुलना माणूस विरुद्ध शेळी अशी करू नका. हेड आहे की नाही, कुठून निघतं, कोणती नर्व्ह येते, एवढ्यावर थांबा. आणि दोघांची भाषा आधी एक करा. तुम्ही 'अँटिरियर' (पुढची बाजू) म्हणता, भाऊ त्याच बाजूला 'क्रेनियल' (डोक्याकडची बाजू) म्हणेल. चार पायांवरच्या प्राण्यासाठी पशुवैद्यकाची अधिकृत संज्ञावली वेगळी आहे. एका कोष्टकात दोन्हींची सरमिसळ झाली की परीक्षक पहिलं बोट तिथंच ठेवणार.

प्रबंधाच्या विषयाबद्दल. 'बायसेप्सचं तिसरं हेड' असा अरुंद विषय घेऊ नका. पुढच्या ३० दंडांत एकही मिळालं नाही तर दोन वर्षं कशावर लिहाल? 'दंडाच्या पुढच्या कप्प्यातले स्नायू, मस्क्युलोक्युटेनियस नर्व्हची वाट आणि ब्रॅकियल आर्टरीच्या फांद्या' असा घ्या. मस्क्युलोक्युटेनियस आणि मीडियन नर्व्हमधली जोडणी, वरच्या वरच फुटलेली रेडियल आर्टरी, हे फरक त्याच कापात दिसतात. एका दंडातून पाच गोष्टींची नोंद होते आणि कोणतीही एक मिळाली नाही तरी काम वाया जात नाही. ब्रॅकियल आर्टरीचे फरक कोपराच्या खळगीत सुई टोचणाऱ्यांच्या रोजच्या कामाचे आहेत, त्यामुळं 'याचा उपयोग काय' या प्रश्नालाही उत्तर मिळतं. सध्याचा दंड वेगळा केस रिपोर्ट म्हणून द्यायला हरकत नाही, फक्त वर सांगितलेली खालची बाजू आणि नर्व्ह दाखवूनच.

सुरू करण्याआधी संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी घ्या. मृतदेहावर काम आहे म्हणून ती लागत नाही, असं सीनियर सांगतील. त्यांचं ऐकू नका. नंतर मागितलेली मंजुरी जर्नलं मानत नाहीत. फोटोत चेहरा, गोंदण, शरीरावरची ओळखीची खूण येता कामा नये. आपल्याकडं बायाबापड्यांच्या हातावर नावं गोंदलेली असतात, दंडाच्या फोटोत ती सहज येतात. आणि हॉलमधला फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅच ग्रुपवर टाकायचा नाही, 'शिकण्यासाठी' म्हणूनसुद्धा नाही. ज्यांनी देह दिला त्यांच्या घरचं कोणीतरी कुठल्यातरी ग्रुपवर असतंच.

तेव्हा इथंही फोटो टाकू नका. पेन्सिलीनं साधं रेखाचित्र काढून टाका: उगम कोराकोब्रॅकियालिसच्या वर आहे की खाली, मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह जास्तीच्या हेडच्या पुढून जाते की मागून, तिची फांदी त्यात शिरते का, आणि ओढल्यावर कोपरात काय हललं. एवढं कळलं की हे नक्की तिसरं हेडच आहे का, यावर बोलता येईल.